पूर्ण शिष्यवृत्ती : अर्थ, मर्यादा आणि शोधाची दिशा

१९१३ साली बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एका तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार त्यासाठी झाला होता. हा तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबियातील अभ्यासानंतर ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना भारतात परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठवलेली रक्कम आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या आधारे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व राहिलेला अभ्यास त्यांनी पूर्ण केला.

या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटल्यानंतर, जून २०२४ मध्ये, उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबाद येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला. जागा निश्चित करण्यासाठी १७,५०० रुपये ठरावीक वेळेच्या आत भरणे आवश्यक होते. कुटुंबाने रक्कम जमवली, पण ती भरण्यापूर्वी मुदत संपली आणि जागा हातची गेली. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ अन्वये प्राप्त असाधारण अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. हा विद्यार्थी अनुसूचित जातीचा होता आणि या संस्थांमध्ये अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क पूर्णतः माफ आहे. तरीही शुल्कमाफीचा लाभ सुरू होण्यापूर्वीची एक पायरी त्याला जवळजवळ पार करता आली नव्हती.

या दोन्ही घटना पाहता, शिष्यवृत्तीची रक्कम किती हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकेच ती कोणत्या खर्चासाठी, किती काळ व केव्हा मिळते हे प्रश्नही महत्त्वाचे ठरतात.

‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ

उच्च शिक्षणाच्या खर्चाचे साधारणतः चार भाग पडतात : शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क, निवास आणि भोजन, पुस्तके, संगणक व अन्य साहित्य, आणि प्रवास. या चारही भागांचा भार उचलणारी योजनाच खऱ्या अर्थाने पूर्ण शिष्यवृत्ती होय. व्यवहारात मात्र शुल्कमाफी, ठरावीक रकमेचे साहाय्य, निर्वाहभत्ता आणि व्याज सवलतीचे कर्ज या सर्वांनाच सरसकट शिष्यवृत्ती म्हटले जाते व त्यातून विद्यार्थ्यांची दिशाभूल होते.

काही उदाहरणांवरून हा फरक स्पष्ट होईल. भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून २ लाख रुपये करण्यात आले. त्याच वेळी अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच १ लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना संपूर्ण शुल्कमाफी आणि १ ते ५ लाख रुपये उत्पन्नगटाला दोनतृतीयांश माफी देण्यात आली. ही सवलत मोठी असली तरी ती शिक्षणशुल्कापुरतीच आहे. वसतिगृह व भोजनालयाचा खर्च त्यात अंतर्भूत नाही. महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजनेत दरवर्षी ८२,००० नवीन विद्यार्थी निवडले जातात. परंतु पदवीस्तरावर मिळणारी रक्कम वर्षाला १२,००० रुपये असल्याने तिचे स्वरूप पूरक साहाय्याचेच राहते. मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तर मुळात कर्जाची आहे. विनातारण कर्ज व व्याजात सवलत हे तिचे लाभ उपयुक्त आहेत, पण मुद्दल विद्यार्थ्यालाच फेडावे लागते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : व्याप्ती आणि उणीव

देशातील सर्वांत व्यापक योजना म्हणजे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिची सुरुवात १९४४ साली झाली. त्या वेळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली आणि केंद्र व राज्ये यांच्यातील खर्चाचे प्रमाण ६०:४० निश्चित केले. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत २०२१-२२ पासून सुरू झाली.

या योजनेतून शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती होते. परंतु सुधारित नियमांनुसार निर्वाहासाठीचा शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाचा गट आणि निवासाचे स्वरूप यांनुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये इतकाच आहे. कमाल भत्ता मिळाला तरी तो महिन्याला ११२५ रुपये होतो. त्यामुळे शहरात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निवास व भोजनासाठी शासकीय वसतिगृह अथवा राज्याच्या पूरक योजनेचा आधार शोधावा लागतो. महाराष्ट्रात वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना याच गरजेतून आली.

संपूर्ण खर्च उचलणाऱ्या योजना

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची उच्चश्रेणी शिक्षण योजना २००७ मध्ये सुरू झाली. अधिसूचित नामांकित संस्थांत प्रवेश मिळवलेल्या विद्यार्थ्याला तिच्यातून संपूर्ण शिक्षणशुल्क मिळते. खासगी संस्थांच्या बाबतीत वर्षाला २ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्याशिवाय निवास, पुस्तके, संगणक आदी खर्चासाठी पहिल्या वर्षी ८६,००० व पुढील प्रत्येक वर्षी ४१,००० रुपये दिले जातात. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. अनुसूचित जमातींसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाची अशीच योजना असून तिच्यात दरवर्षी १,००० नवीन विद्यार्थी घेतले जातात. तेथे उत्पन्नमर्यादा ६ लाख रुपये आहे. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या मागास आणि विमुक्त व भटक्या जमातींसाठी पीएम यशस्वी योजनेत उच्चश्रेणी महाविद्यालयीन शिक्षणाचा घटक आहे. प्रत्येक संस्थेला ठरावीक जागा नेमून दिलेल्या असतात. त्यामुळे आपली संस्था अधिसूचित यादीत आहे काय, हे विद्यार्थ्याने प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वीच पाहणे हिताचे असते.

जम्मू-काश्मीर व लडाखमधील विद्यार्थ्यांना अन्य राज्यांत शिकता यावे यासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजनेत शुल्काबरोबरच वर्षाला १ लाख रुपये निर्वाहभत्ता दिला जातो. निवासाचा खर्च हा शिक्षणखर्चाचाच भाग होय, हे तत्त्व या योजनेत स्पष्टपणे मान्य झालेले दिसते.

परदेशी शिक्षणासाठी १९५४-५५ पासून चालू असलेली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. दरवर्षीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व निमभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. वय ३५ वर्षांपेक्षा कमी, अर्हता परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि ८ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा या तिच्या प्रमुख अटी होत. शुल्क, विमानप्रवास, वैद्यकीय विमा व निर्वाहभत्ता यांचा तिच्यात समावेश होतो. अनुसूचित जमातींसाठी अशाच योजनेत २० जागा आहेत. याखेरीज ब्रिटनची चेव्हनिंग, जपान सरकारची मेक्स्ट, युरोपीय संघाची इरास्मस मुंडस व भारत-अमेरिका यांची फुलब्राइट-नेहरू या शिष्यवृत्त्या सर्व प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना खुल्या आहेत. त्यांत उत्पन्नापेक्षा गुणवत्ता व अनुभव यांना प्राधान्य मिळते. उदाहरणार्थ, चेव्हनिंगसाठी साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव अनिवार्य असतो.

पदव्युत्तर स्तरावर परीक्षा हेच शिष्यवृत्तीचे द्वार ठरते. ‘गेट’ परीक्षेद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व त्यानंतर ४२,००० रुपये करण्यात आली.

शोध कोठून सुरू करावा

बहुतेक विद्यार्थी योजनेच्या नावापासून शोध सुरू करतात. त्याऐवजी तो स्वतःपासून सुरू केल्यास अधिक फलदायी होतो. प्रवर्ग, कौटुंबिक उत्पन्न, अधिवासाचे राज्य, बारावीचे गुण, अभ्यासक्रम, संस्था, दिव्यांगत्व आणि पालकांचा व्यवसाय या आठ बाबी एका कागदावर लिहून काढाव्यात. शेवटची बाब सहसा दुर्लक्षित राहते. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची आणि माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. सोलापूरसारख्या विडी उद्योगाच्या शहरातील विद्यार्थ्यांना यांपैकी पहिल्या योजनेची माहिती असणे विशेष गरजेचे आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी प्रगती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम या योजनांत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात.

अधिवासाविषयी एक नियम ध्यानात ठेवावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा अधिवासी आहे ते राज्य देते; तो जेथे शिकतो ते राज्य नव्हे. म्हणून इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या मराठी भाषक विद्यार्थ्याने पुण्यात प्रवेश घेतला तरी त्याचा अर्ज त्याच्या मूळ राज्याच्या व्यवस्थेतच करावा लागतो. महाराष्ट्राच्या अधिवासी विद्यार्थ्यांसाठी ही व्यवस्था ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर आहे, तर केंद्राच्या बहुतांश योजनांचे अर्ज २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरले जातात. तेथे आता आधार-आधारित एकवेळ नोंदणी आवश्यक आहे.

जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांवर विसंबून राहणे मात्र टाळावे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली, राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून स्थगित झाली आणि मौलाना आझाद राष्ट्रीय छात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली.

अर्ज कोठे अडतात

पात्र विद्यार्थ्यांचे अर्ज बहुधा पुढील कारणांनी अडकतात. तहसील कार्यालयाचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र वेळेत हाती येत नाही. महाराष्ट्रात आरक्षित जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी लागणारे जातवैधता प्रमाणपत्र मिळण्यास महिने लागू शकतात. त्यासाठीचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करावा. आधारवरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव यांत तफावत असते. बँक खाते असते, पण ते आधारशी संलग्न नसते. आणि एकाहून अधिक खाती असल्यास रक्कम शेवटी संलग्न केलेल्या खात्यात जाते. या चारही बाबी निकालापूर्वीच पूर्ण करता येण्याजोग्या आहेत.

अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले असे नाही. प्रथम संस्था व नंतर जिल्हा किंवा राज्यस्तरीय अधिकारी त्याची पडताळणी करतात. संस्थेने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला आणि विद्यार्थ्याने तो पाहिलाच नाही, तर मुदतीनंतर तो बाद होतो. म्हणून दर आठवड्यास अर्जाची स्थिती तपासावी व संस्थेतील शिष्यवृत्ती कक्षाशी संपर्क ठेवावा. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो. तसेच एकाच अभ्यासक्रमासाठी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. त्यामुळे दोहोंना पात्र असल्यास एकूण लाभाची तुलना करून निवड करावी.

उरतो तो काळाचा प्रश्न. प्रवेशशुल्क जून-जुलैमध्ये भरावे लागते आणि शिष्यवृत्ती पडताळणीनंतर कित्येक महिन्यांनी मिळते. हे अंतर भरून काढण्यासाठी मॅट्रिकोत्तर योजनेत फ्रीशिप कार्डाची तरतूद असून त्याच्या आधारे पात्र विद्यार्थ्याला शुल्क आगाऊ न भरता प्रवेश घेता येतो. समाजकल्याण कार्यालयात व महाविद्यालयात याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. जागा निश्चितीची रक्कम तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाबरोबरच बाजूला काढून ठेवावी किंवा ती कोणाकडून मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे.

धोरणात्मक संदर्भ

दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी संविधानाचा अनुच्छेद ४६ राज्यसंस्थेवर सोपवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०२१-२२ नुसार ते २८.४ होते, अनुसूचित जातींमध्ये २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२. हे अंतर कमी करावयाचे तर शुल्काच्या प्रतिपूर्तीइतकेच निर्वाहभत्त्याचे वास्तव दर आणि रक्कम वेळेवर पोहोचणे या दोन गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागेल. शुल्क माफ असूनही खोलीभाड्याअभावी गावी परतणारा विद्यार्थी कोणत्याही योजनेच्या यशाच्या आकडेवारीत दिसत नाही.

१९१७ मध्ये मुदत संपली म्हणून परतलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा लंडन गाठण्यास तीन वर्षे लागली, तर २०२४ मध्ये मुदत हुकलेल्या विद्यार्थ्याला न्याय मिळण्यास तीन महिने. पुढील विद्यार्थ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, यासाठी शासन, संस्था आणि विद्यार्थी या तिघांनीही प्रवेशाच्या दिवसापूर्वीच आपापली तयारी पूर्ण करणे अगत्याचे आहे.