उष्म्याचा घुमट आणि सरळ रेषेंतलें वादळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जूनची अखेर म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन भराचे दिवस. सन 2012 सालीं शुक्रवार ता. 29 जूनपासून रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत त्या विस्तीर्ण देशावर संकटांची जणूं जत्राच भरली होती. पश्चिमेस कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या वेशीवरचा वणवा अद्याप पुरता विझला नव्हता. त्याच आठवड्यांत त्यानें 346 घरांची राख केली होती. फ्लॉरिडा 'डेबी' नांवाच्या वादळाच्या अतिवृष्टींतून नुकताच सांवरत होता. आणि आग्नेयेकडील प्रांतांत उष्म्याचा कहर! शुक्रवारीं नॅशव्हिल येथें पारा 109 अंश फॅरनहाइटवर गेला, शनिवारीं अटलांटा येथें 106 वर; त्या शहरांच्या नोंदींत तोंपर्यंत एवढा आंकडा नव्हता. राजधानी वॉशिंग्टन येथें 104. नागपूर-अकोल्याकडील मंडळी या आंकड्यांना हंसतील. पण कोरडा उन्हाळा निराळा आणि दमट उन्हाळा निराळा, हें मुंबईकरास सांगावयास नको.

या उष्म्याचें कारण आकाशांत होतें. वातावरणाच्या वरच्या थरांत जादा दाबाच्या हवेचा एक प्रचंड घुमट देशावर ठाण मांडून बसला होता. अशा घुमटाखालीं हवा सावकाश खालीं उतरते, उतरतांना दबते आणि दबल्यामुळें तापते. सायकलचा पंप मारतांना त्याचें नळकांडें गरम होतें, तोच हा प्रकार. ढग जमत नाहींत, ऊन तापतच राहतें. मात्र घुमटाच्या उत्तरेकडील कडेवरून वरचे वारे वेगानें पूर्वेस वाहत असतात आणि त्यांच्याखालीं तापलेली दमट हवा सांचलेली असते. खरा धोका या कडेवर असतो.

शुक्रवारीं दुपारीं इंडियानाच्या उत्तर भागांत मेघ गर्जूं लागले. वळवाच्या सरीपूर्वीं येणारा गार वारा सर्वांच्या परिचयाचा आहे. ढगांतून पडणारें पाणी वाटेंतल्या कोरड्या हवेंत कांहीं अंशीं वाळून जातें. त्यामुळें ती हवा थंड व जड होऊन खालीं कोसळते आणि जमिनीवर आदळून पुढें पसरते. एरवीं खेळ बहुधा तेथेंच आटोपतो. त्या दिवशीं मात्र ही थंड हवा पाचरीप्रमाणें दमट हवेखालीं शिरे, तिला वर उचली. त्यांतून नवे ढग उभे राहत आणि त्यांतून पुन्हां थंड हवा कोसळे. उष्म्यानें सांठविलेलें जळण कांहीं संपेना! फोर्ट वेन येथें ताशीं 91 मैलांचा झोत मोजला गेला. डोंगर आडवे आले कीं अशीं वादळें बहुधा मंदावतात. हें ॲपलेशियन पर्वत ओलांडून रात्रीं उशिरा वॉशिंग्टनवर येऊन थडकलें. वाट सुमारें 700 मैलांची, तडाखा दहा राज्यांना.

अशा वादळास तेथें 'देरेचो' म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ 'सरळ'. आयोवांतील गुस्टाव्हस हिन्रिक्स या प्राध्यापकानें गरगर फिरणाऱ्या टॉर्नेडोहून हा प्रकार वेगळा दाखविण्यासाठीं 1888 सालीं तो योजिला. शब्द समर्पक खरा, पण सव्वाशें वर्षें तो बहुतेक शास्त्रज्ञांच्या टिपणांतच राहिला. हवामान खात्याचे इशारे त्या रात्रींही सुटत होते. तथापि आपणांवर काय चालून येत आहे, याची कल्पना पुष्कळ घरांना आली ती झाडें कडाडल्यावर.

प्रत्यक्ष वादळानें 13 माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक झाडांखालीं सांपडलीं. वादळ समुद्राकडे निघून गेलें, घुमट मात्र जागचा हलला नाहीं. शनिवारीं सकाळीं तोच उष्मा परत आला आणि आतां पंखे बंद, शीतयंत्रें बंद; चाळीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेलेली. उत्तर व्हर्जिनियांत तर संकटसमयीं मदत मागण्याचा दूरध्वनीही कित्येक ठिकाणीं मुका झाला होता. अंधारांत राहिलेल्या त्या प्रदेशांत पुढील दिवसांत उष्म्यानें 34 जण मृत्यू पावले. कांहीं घरांत दिवा पुन्हां लागेपर्यंत आठवडा उलटून गेला.