पारख एका गुणावर ठरत नाही

चकाकी पाहून माल घेऊ नये, ही शिकवण व्यापारी घरांतील मुलांना पेढीवर बसण्यापूर्वीच मिळते. रसायनशास्त्रही धातूंच्या बाबतीत हेच सांगते आणि त्याचे कारणही देते.

आवर्तसारणीत मूलद्रव्यांचे तीन वर्ग दिसतात. डावीकडे व मध्यभागी धातू, उजवीकडे अधातू आणि दोहोंमधून जिन्यासारख्या उतरणाऱ्या रेषेलगत धातुसदृश. धातूच्या अणूंतील बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी बांधलेले नसतात, ते साऱ्या तुकड्यात मोकळे संचार करतात. म्हणून धातूतून वीज व उष्णता सहज वाहते आणि हातोडीच्या घावाने अणूंचे थर न तुटता एकमेकांवरून सरकतात. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर लांब तार निघते ती यामुळेच. गंधकासारख्या अधातूत असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तो विजेला वाट देत नाही आणि ठोकला की त्याचा चुरा होतो.

तथापि एकेकटा गुण फसवा ठरू शकतो. पारा धातू असून द्रवरूप आहे. आयोडीन अधातू असून चकाकते. ग्राफाइट हे कार्बन या अधातूचे रूप, तरी त्यातून वीज वाहते. सिलिकॉन हा धातुसदृश धातूसारखा चमकतो, पण घाव बसताच फुटतो. धातू तापला की विजेला होणारा अडथळा वाढतो, शुद्ध सिलिकॉन तापला की तो घटतो. त्याच्या या मधल्या स्वभावावरच आजचे संगणक आणि सौरपट्ट्या उभ्या आहेत.

बाजारात या अपवादांची किंमत रुपयांत मोजावी लागते. दागिना चुंबकाला चिकटला नाही म्हणून तो सोन्याचा ठरत नाही. तांबे, चांदी आणि ॲल्युमिनियमही चिकटत नाहीत. घनता हा अधिक भरवशाचा गुण खरा. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची सुमारे ९ ग्रॅम प्रतिघनसेंटिमीटर आहे. परंतु टंगस्टनची घनताही जवळजवळ १९.३ आहे. त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची लगड वजनात व आकारमानात चोख उतरते. कसोटीच्या दगडावरील रेघ आणि क्ष-किरणांचे यंत्र मुख्यतः वरच्या थराचाच कस सांगतात.

ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. दिल्लीत खिलजी सुलतानांच्या टांकसाळीत काम करणारे जैन अधिकारी ठक्कुर फेरू यांनी १३१८ च्या सुमारास प्राकृतात ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या रीती सांगून त्यांनी नाना राज्यांच्या नाण्यांची वजने व त्यांतील धातूंचे प्रमाण नोंदवले. नाण्यावर मुद्रा कोणाची आहे, यापेक्षा त्यात कोणता धातू किती आहे यावर त्यांनी मोल ठरवले.

सोन्याच्या पारखीत आजही निर्णायक मानली जाते ती अग्निपरीक्षा. नमुन्यात चांदी मिसळून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात व सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे, तांबे इत्यादी हीन धातूंचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ते मुशीत शोषले जातात. उरलेल्या गोळीतील चांदी नायट्रिक आम्लात विरघळते. सोने मात्र ऑक्सिजनलाही दाद देत नाही आणि त्या आम्लालाही नाही. शेवटी जे उरते, त्याच्या वजनावरून कस ठरतो. बावीस कॅरट दागिन्यावरील ९१६ हा अंक म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो कोणालाही पडताळता येतो. लग्नसराईची खरेदी असो वा जुन्या दागिन्यांची मोड, हा क्रमांक पाहावा, पक्के बिल घ्यावे आणि मोठ्या लगडीचा व्यवहार एकाच चाचणीवर करू नये. धातूचा एखादा गुण दुसऱ्या द्रव्यातही सापडतो, त्याचे सारे गुण एकत्र मात्र अन्यत्र सापडत नाहीत.