वाक्यावर बोट ठेवणारे वाचक

कथालेखनाच्या कार्यशाळेत आम्ही आधी वाचतो, लिहायला नंतर बसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधलं (1949) ‘धर्मा रामोशी’ मोठ्याने वाचायचं आणि पेन्सिलीने खुणा करायच्या: लेखक इथे काय दाखवतो, काय बोलायचं टाळतो? धर्माची गरिबी एका धोतरातून कळते, हे एकदा ध्यानात आलं की मुलांचा विशेषणांवरचा भरवसा आपोआप कमी होतो.

मग त्यांचे स्वतःचे खर्डे. लिहिणाऱ्याने वाचून दाखवायचं आणि चर्चा संपेपर्यंत गप्प राहायचं. हा नियम सुरुवातीला जाचतो. पण कथा छापून आल्यावर खुलासे करायला लेखक वाचकाशेजारी बसलेला नसतो. ऐकणाऱ्यांवरही बंधन असतं. ‘छान आहे’ म्हणून सुटायचं नाही, नेमक्या वाक्यावर बोट ठेवायचं.

एका मुलीने एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर वडिलांवर लिहिलं होतं. ‘निवृत्तीनंतर बाबांना फार रिकामं वाटायचं’ या वाक्याखाली बऱ्याच जणांनी रेघ मारली होती. एकाने विचारलं, “पण ते दिवसभर करतात काय?”

चर्चा संपल्यावर ती म्हणाली, “काही नाही. भाजी आणली की उरलेल्या नोटा उभ्या दुमडून बोटांत धरून बसतात.”

खर्ड्यात यातलं अक्षरही नव्हतं. कुणीतरी लगेच कथेचा नवा शेवटही सुचवला. तो मी बाजूला ठेवायला लावला. वाचकाने आपण कुठे अडलो ते सांगावं, वाट लेखकाने शोधावी. पुढच्या खर्ड्यात त्या नोटा आल्या आणि ‘रिकामं’ गेलं.

आयोवा विद्यापीठात 1936 साली अशा कार्यशाळेला रीतसर अभ्यासक्रमाचं रूप मिळालं. आपल्याकडे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांच्या हस्तलिखितांवर असेच बारकाईने बोलत, पत्रांतून कळवत. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झालं. आज नव्याने लिहिणाऱ्याला इतक्या आस्थेने वाचणारं कुणी सहजी भेटत नाही, म्हणून पाच-सहा जणांनी नेमाने एकत्र बसून एकमेकांचं वाचणं मला मोलाचं वाटतं. त्यातून प्रत्येक कथा सुधारतेच असं नाही. पण लिहिणारा हळूहळू आपलंच वाक्य परक्याच्या नजरेने वाचायला शिकतो, आणि पुढच्या प्रत्येक कथेला ती नजर उपयोगी पडते.