‘कवच’ची आवृत्ती बदलते तेव्हा…

रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ प्रणालीचे मानक ठरवते लखनौच्या मानकनगरातली आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन व मानक संस्था. तिने 4.0 ही आवृत्ती 16 जुलै 2024 रोजी मंजूर केली. तोवर दक्षिण मध्य रेल्वेवर 1465 मार्ग-किलोमीटर आणि 144 इंजिनांवर आधीच्या आवृत्तीचे कवच बसूनही गेले होते. मनमाडच्या पुढचा परभणी, मुदखेडचा मार्ग त्यातच येतो.

बसवलेल्या कवचाची आवृत्ती बदलणे हे काही मोबाइलवर रात्रीतून उरकणारे अपडेट नव्हे. इंजिनातला संगणक, स्थानकातले यंत्र, रुळांमधले आरएफआयडी टॅग, रेडिओ मनोरे, ऑप्टिकल फायबर अशी ही साखळी आहे. 4.0 मध्ये लगतच्या स्थानकांची यंत्रे फायबरवरून एकमेकांशी जोडली जातात, शिवाय सिग्नल सांभाळणाऱ्या, स्थानकातल्या इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगशीही थेट जोडणी होते. म्हणजे सॉफ्टवेअर बदलायचे ठरले, की हात सिग्नलच्या खोलीपर्यंत पोहोचतो. त्यात कवचाला सुरक्षेची सर्वोच्च पातळी, एसआयएल-4, लागू आहे. त्यामुळे ‘बसवून तर बघू’ ही आपली लाडकी पद्धत इथे चालत नाही.

आयुष्याचा हिशेबही जुळत नाही. विजेवरचे इंजिन साधारण 35 वर्षे धावते. कवचाच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या सुरू झाल्या फेब्रुवारी 2016 मध्ये, तिथपासून 4.0 पर्यंत जेमतेम साडेआठ वर्षे. एकाच इंजिनाच्या हयातीत अशा आवृत्त्या किती येतील, हे वाचकांनीच मोजावे. खरेदीच्या किमतीइतकाच आवृत्त्या बदलत राहण्याचा हा देखभालीचा खर्चही अंदाजपत्रकात ठळक दिसायला हवा.