अठरा जणांची टोळी, अठ्ठेचाळीस जणांची टोळी

नांदगावच्या आसपास उन्हाळ कांद्याची काढणी चालू असावी आणि नेमके तेव्हाच आभाळ काळवंडावे! मग घरोघरी एकच प्रश्न. पाऊस येणार का? उपटलेला कांदा शेतात उघडा पडलेला असतो. भिजला की सडतो, आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. आपला तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. हवा तेव्हा पाऊस तोंड फिरवतो आणि नको तेव्हा हजर होतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं काम पुण्याला, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतं. तिथे दोन महासंगणक आले. पहिला ‘प्रत्यूष’, ८ जानेवारी २०१८ रोजी. दुसरा ‘अर्क’, २६ सप्टेंबर २०२४ रोजी. प्रत्यूष म्हणजे पहाट, आणि अर्क म्हणजे सूर्य. औषधाचा अर्क नव्हे हं! गंमत म्हणजे त्या दिवशी पंतप्रधान पुण्याला यायचे होते, पण मुसळधार पावसाने दौराच रद्द झाला. मग ‘अर्क’चं लोकार्पण दूरदृश्य पद्धतीने झालं. पावसाने पहिल्याच दिवशी हजेरी लावली म्हणायची.

आता या दोघांच्या पोटात डोकावू या. कारण महासंगणक म्हणजे काही एकच राक्षसी मेंदू नव्हे. हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडून तो बनवतात. ‘प्रत्यूष’मधला प्रोसेसर इंटेल कंपनीचा, नाव झिऑन ई५-२६९५ व्ही४. ‘अर्क’मधला एएमडी कंपनीचा, नाव एपिक ७६४३. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. आपण त्यांना झिऑन आणि एपिक म्हणू.

दोन टोळ्या

कांद्याची लागण तुम्ही पाहिली असेलच. टोळी वाफ्यात बसते आणि एकेक रोप लावत जाते. प्रोसेसरच्या आतही अशीच टोळी असते. तिच्यातल्या एकेका कामकऱ्याला कोअर म्हणतात. झिऑनच्या टोळीत १८ कोअर आहेत, एपिकच्या टोळीत ४८.

मग एपिकचा एकेक कोअर खूप चपळ असेल, नाही का? इथेच फसगत होते! झिऑनच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला २१० कोटी, एपिकचे २३० कोटी. म्हणजे फरक थोडकाच. कागदावर दोघांचाही एक कोअर एका ठोक्यात जास्तीत जास्त १६ गणितं करतो. करा बरं गुणाकार.

झिऑन : १८ × २१० कोटी × १६ = सेकंदाला सुमारे ६० हजार कोटी गणितं.

एपिक : ४८ × २३० कोटी × १६ = सेकंदाला सुमारे १ लाख ७६ हजार कोटी गणितं.

जवळजवळ तिप्पट! आणि हे सगळं मुख्यतः माणसं वाढवून.

रोपं कोण पुरवणार?

पण थांबा. टोळी मोठी झाली आणि रोपं वेळेवर आलीच नाहीत तर? सगळे हात रिकामे ठेवून बसतील. प्रोसेसरला रोपं म्हणजे आकडे. अमुक ठिकाणचं तापमान, वारा, हवेचा दाब, बाष्प वगैरे. ते स्मरणात साठवलेले असतात आणि तिथून वाहून आणावे लागतात. झिऑनकडे अशा वाटा ४, एपिककडे ८, आणि एपिकच्या वाटा जास्त वेगवानही आहेत. झिऑनला सेकंदाला ७६.८ गिगाबाइट माल येऊ शकतो, एपिकला २०४.८.

आता दर कोअरमागे किती, ते काढा. ७६.८ ला १८ ने भागा आणि २०४.८ ला ४८ ने. काय आलं? दोन्हीकडे सुमारे ४.२७! म्हणजे टोळी वाढली त्याच मापाने पुरवठा वाढला. एकेका कोअरच्या वाट्याला मात्र जास्त काही आलं नाही.

खरा फरक पडला तो हाताशी ठेवलेल्या पाटीत. लावणारीच्या शेजारी रोपांची भरलेली पाटी असली की तिला वाट बघावी लागत नाही. प्रोसेसरच्या या पाटीला कॅश म्हणतात. झिऑनची पाटी ४५ मेगाबाइटची, म्हणजे माणशी अडीच. एपिकची २५६ मेगाबाइटची, म्हणजे माणशी पाचच्या वर. हवामानाच्या गणितात आकड्यांची ये-जा सतत चालते, म्हणून ही पाटी फार मोलाची.

एक पापड की नऊ पापड?

झिऑनचे सगळे कोअर एकाच अखंड चकतीवर आहेत. एपिकचं तसं नाही. त्यात कोअरचे ८ छोटे तुकडे आहेत आणि मध्ये सगळ्यांना जोडणारा नववा. असं का बरं? एक भलामोठा पापड लाटताना कुठेही भोक पडलं तर सगळा वाया. छोटे पापड लाटले तर खराब झालेला एकच बाजूला ठेवायचा. चिपांचंही तसंच आहे. एपिकच्या एकेका तुकड्यावर ८ कोअरची जागा असते, त्यातले ६ या प्रोसेसरात चालू ठेवलेत. ८ × ६ = ४८, जुळलं ना?

विजेचं काय? झिऑनसाठी १२० वॉट धरतात, एपिकसाठी २२५. वाटतं, एपिक खादाड आहे. पण कोअरमागे पाहिलं तर झिऑन साधारण ६.७ वॉट आणि एपिक ४.७. हजारो प्रोसेसर रात्रंदिवस चालवायचे तर ही बचत डोंगराएवढी होते.

मग झिऑन हरला म्हणायचा का? तसं नाही. झिऑन २०१६ सालचा, एपिक २०२१ सालचा. मोठ्या ताईने आठवीची गणितं सोडवली म्हणून तिसरीतल्या भावाला ढ म्हणाल का?

आणि आपला कांदा?

‘प्रत्यूष’ची एकूण ताकद ४ पेटाफ्लॉप, ‘अर्क’ची ११.७७. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्ये इतकी गणितं. पण एवढी लागतात कशाला?

चौकटीची वही घ्या. अंदाज करताना पृथ्वीवर अशीच चौकटींची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकटीतल्या हवेचं गणित करतात. पूर्वी चौकट १२ किलोमीटरची होती. नांदगाव ते मनमाड अंतर साधारण २५ किलोमीटर. म्हणजे मध्ये जेमतेम दोन चौकटी! नांदगाव कोरडं आणि मनमाडला सरी, हे त्यात कसं नीट दिसणार?

२६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरच्या चौकटीची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाला मिळाली. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय गणिताची पावलंही निम्म्या वेळाने टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट. पण ‘अर्क’ तर जुन्याच्या तिप्पटच! मग शास्त्रज्ञांनी जाळीच नव्या घाटाची विणली. ध्रुवांकडे उगाच दाटी न करता आपल्या उष्ण कटिबंधात ती बारीक ठेवली. यंत्र कमी पडतं तिथे डोकं चालवायचं, ते असं.

‘प्रत्यूष’वर या नव्या पद्धतीचं गणित करायला दहा तासांपर्यंत वेळ लागत असे. ‘अर्क’वर ते सुमारे चार तासांत होतं. ते सहा तास म्हणजे काय, हे काढणीच्या दिवसांत बाबांना विचारा. तेवढ्यात कांदा गोळा होतो, पोळ लागते आणि वर ताडपत्री चढते.

तरीही एक सांगून ठेवतो. सहा किलोमीटरच्या चौकटीत कितीतरी शिवारं येतात. एकाच शिवारावर झालेली गारपीट तिच्यातून अजूनही निसटू शकते. म्हणून अंदाज ऐकायचा, आणि आभाळाकडेही बघायचं.

हे करून पाहा

सरळ भिंतींची, सपाट बुडाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. ती उघड्या अंगणात, झाडाझुडपांपासून दूर ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती विटा लावा. बाहेरून मोजपट्टी चिकटवा, पण शून्य नेमकं आतल्या बुडाशी येऊ द्या. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला किती मिलिमीटर पाणी साठलं ते वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. शेजारी आदल्या दिवशीचा अंदाजही लिहा. नायडोंगरीला किंवा मनमाडला मामा-मावशी असतील तर भावंडांनाही हेच करायला सांगा. दिवाळीत वह्या शेजारी ठेवून ताडून बघा.

आणि जाता जाता एक कोडं. उद्या चौकट ३ किलोमीटरची करायची ठरली, तर १२ किलोमीटरच्या मानाने काम कितीपट होईल?

(उत्तर : ८ × ८ = ६४ पट!)