मरळ आणि मी

माणसाला एखादे तरी निरुपद्रवी व्यसन असावे, असे म्हणतात. माझे व्यसन गळाचे. ते निरुपद्रवी कोणाला, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

आमचे पाटण कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेले. वर शिवसागराचे अफाट पाणी पसरले आहे. पण माझ्यासारख्या हौशी माणसाला अफाट पाणी मानवत नाही. मला गावाबाहेरचे एक लहानसे तळे पुरते. काठाला लव्हाळे, कडेला शेवाळ आणि त्या शेवाळात मरळ.

मरळ म्हणजे तळ्यातली वाघीण! अंग लांबट, डोके सापासारखे चपटे. ती बेडूक गिळते, लहान मासे गिळते. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा घेण्यासाठी ती मधूनमधून वर येते आणि 'डुबुक' करून आपला ठावठिकाणा सांगून जाते. सात वर्षे मी त्या 'डुबुक'च्या मागे होतो. कॉलेजातले सहकारी विचारीत, ''काय, आज तरी काही लागले का?'' मी व्याकरणाचे पेपर तपासायला घेत असे.

यंदा आषाढातली गोष्ट. पाऊस उघडला होता. काठापासून दहा-बारा हातांवर पाण्यात एक तांबूस ठिपका हलताना दिसला. मी नेम धरून रबरी बेडूक नेमका त्यात टाकला. क्षणार्धात पाणी फुटले, काठी वाकली आणि पाच मिनिटांच्या झटापटीनंतर दीड-दोन किलोची मरळ काठावर आली. अस्मादिकांची छाती फुगली!

शेजारी म्हशी राखणारे आबा उभे होते. मी म्हणालो, ''पाहिलंत ना आबा? याला म्हणतात नेम!''

''न्हाई मास्तर,'' आबा शांतपणे म्हणाले, ''ती काय भुकंनं आली न्हाई. पोरांसाठनं आली. त्यो तांबडा ठिपका बगा की.''

मी वाकून पाहिले. शेकडो इवलीशी पिल्ले! मरळीचे नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात. बेडूक पिलांवर पडला, म्हणून ती चवताळून धावली होती. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी हौशी लोक असेच तळ्याकाठी बसतात. त्याचा नरही घरट्याजवळ आलेल्यावर धावून जातो, हे मी वाचले होते. वाचले होते, पण डोळ्यांपुढचा ठिपका मला वाचता आला नव्हता.

''आता पोरं ऱ्हायली उघड्यावर,'' आबा म्हणाले. ''दुसरं मासं टपल्यालंच असत्यात.''

सात वर्षांची हौस हातात तडफडत होती. घरी सौ.ने वाटण करून ठेवले होते. खोटे कशाला सांगू, मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग ओल्या हातांनी गळ सोडवला आणि तिला पाण्यात ठेवले. क्षणभर ती हलली नाही. मग शेपटी मारून ठिपक्याच्या दिशेने गेली. पिलांपाशी पोचली की नाही, ते गढूळ पाण्यात दिसले नाही.

रिकामी पिशवी पाहून सौ. काही बोलली नाही. वाटणात तिने बटाटे टाकले.

गळ मी सोडलेला नाही. पण पावसाळ्यात तो आता माळ्यावर असतो. तळ्यावर मात्र जातो आणि तांबूस ठिपका दिसला, की आबांच्या शेजारी नुसता बसून राहतो.