आठ जणांची मंडळी

गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज मुंबईकराला दाखवून द्यावे लागत नाही. ज्यांचे नाव त्या कॉलेजला आहे ते डॉ. जॉन विल्सनही अभ्यासकांना परके नाहीत. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. गिरनारच्या अशोक शिलालेखाची नक्कल ती लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपपर्यंत पोहोचवणाऱ्यांतही त्यांचे नाव येते. पण पुढे कॉलेज झालेली इंग्रजी शाळा त्यांनी काढली १८३२ साली, आणि त्याच्या वर्षभर आधी, ४ फेब्रुवारी १८३१ रोजी, त्यांनी मुंबईत एक ख्रिस्ती मंडळी स्थापन केली. सभासद होते आठ. चर्चची पद्धत स्कॉटलंडची, प्रेस्बिटेरियन. कॉलेजचा इतिहास अनेकांनी लिहिला. मला मात्र ही मंडळी त्याहून मोठी गोष्ट वाटते.

स्कॉटिश माणसांचे स्वतःचे चर्च मुंबईत तेव्हाही होते. १८१३ च्या सनदेने प्रत्येक इलाख्याला स्कॉटिश धर्मगुरू मिळाला आणि १८१९ मध्ये कोटात सेंट अँड्र्यूज चर्च उघडले. तिथे येणारे कंपनीचे अधिकारी, व्यापारी, पलटणीतले लोक. विल्सन आले ते मिशनरी सोसायटीचे नोकर म्हणून, फेब्रुवारी १८२९ मध्ये, पत्नी मार्गारेट यांच्यासह. आधी हर्णैला राहून मराठी शिकले, मग मुंबई. मार्गारेटबाईंनी पहिल्या वर्षभरातच मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ साली त्या वारल्या, पण गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आजही आपला वंश त्यांच्यापर्यंत नेते.

प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळी आपल्यातून ‘वडील’, म्हणजे कारभारी ज्येष्ठ, निवडते, पाळक आणि वडील मिळून कारभार पाहतात. पाळक अध्यक्षस्थानी बसला तरी त्याचे मत एकच. १८३१ च्या मुंबईत, जिथे जातपंचायत आणि कंपनी सरकार या दोनच सत्ता माणसाला ठाऊक होत्या, तिथे आठ माणसांना आपला कारभार आपण पाहायचा हे सांगणे सोपे नव्हते.

आणि प्रभुभोजन! स्कॉटिश रीतीत लोक वेदीपाशी गुडघे टेकत नाहीत. पांढरे कापड अंथरलेल्या मेजाशी शेजारी शेजारी बसतात. भाकर एकाने मोडून दुसऱ्याच्या हाती द्यायची, एकाच पेल्याला ओठ लावून तो पुढे सरकवायचा. स्कॉटलंडच्या खेड्यात यात विशेष काही नव्हते. पण ज्या शहरात पाण्याचा तांब्यासुद्धा जात विचारून दिला जाई, तिथे तो पेला शेजाऱ्याच्या हातून घेणे म्हणजे घर, भावकी आणि वारसाहक्क यांवर पाणी सोडणे होते. विल्सन यांनी १८३१ मध्येच हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घातले, दोन्हीकडून पुस्तके निघाली. विल्सन यांची त्या वादातली भाषा आज वाचवत नाही. ती अनेकांना लागली असणार, आणि रास्त लागली. मेजावरच्या पेल्याने मात्र कुणाला तोडून न बोलता जे केले ते त्या पुस्तकांना जमले नाही.

किंमत माणसांनी मोजली. मे १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले, धनजीभाईंनी कुठे राहायचे ते त्यांनीच ठरवावे असा निकाल झाला. विल्सन यांच्या शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनकडे आला होता. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला आईबापांकडे परत दिले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे अशी बाजू घेतली आणि कर्मठांचा रोष ओढवून घेतला. लहान मुलाला घरी पाठवणारा तो निकाल मला योग्यच वाटतो. त्या आईबापांची तळमळ मिशनच्या कागदांत फारशी उमटत नाही.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. कारण एकच: मंडळीला नको असलेला पाळक जमीनदाराने तिच्यावर लादावा का? नाही म्हणणारे चारशेंवर पाळक घर आणि पगार सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च काढले. भारतातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. मुंबईत त्याचा अर्थ असा की विल्सन यांच्या शिक्षणसंस्थेच्या नव्या इमारतीवरचा हक्क सोडायचा आणि गिरगावात अंब्रोलीला पुन्हा शून्यातून मांडणी करायची. मंडळी मोडली नाही. धनजीभाईंना १८४६ मध्ये एडिंबरात पाळकपदाची दीक्षा मिळाली, नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये. शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी विल्सन यांच्याच संस्थेचे विद्यार्थी. पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे ते काही वर्षे पाळकही होते.

चर्चच्या इतिहासात सहसा न येणारी दोन नावे मला इथे घ्यायची आहेत. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन झांजिबारहून एका लहानशा आगबोटीने दीड महिना समुद्र कापत मुंबईला आले. त्यांच्याबरोबर चुमा आणि विकतानी ही गुलामगिरीतून सोडवलेली दोन आफ्रिकन मुले होती. ती विल्सन यांच्या शाळेत राहिली आणि डिसेंबर १८६५ मध्ये विल्सन यांनीच त्यांना बाप्तिस्मा दिला. पुढल्याच महिन्यात दोघे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेला परतले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांच्या पुढे होता हाच चुमा. त्याआधीही दोन हबशी तरुण विल्सन यांच्याकडे शिकून गेले होते. कोकणी मुलुखातला मराठी माणूस, पारशी आणि आफ्रिकन यांना एका छपराखाली आणणारी ठिकाणे तेव्हाच्या मुंबईत बंदराखेरीज किती असतील?

विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच वारले. मंडळीचा पुढचा प्रवास वरच्या छत्रांच्या बदलांचा: १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च, १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. या शेवटच्या एकीकरणात प्रेस्बिटेरियन परंपरेने बिशपपद मान्य केले. ज्यांच्या पूर्वजांनी स्कॉटलंडमध्ये त्याच पदाविरुद्ध रक्त सांडले होते, त्यांच्यासाठी ही लहान तडजोड नव्हती. तरी मंडळीने आपली माणसे आपण निवडून पाळकाबरोबर कारभाराला बसवायची, ही रीत या नव्या चर्चने ठेवली, आणि निवडलेली पास्टोरेट कमिटी आजही तेच काम करते.